पांढऱ्या रंगाखालचे आकडे

प्रश्न विचारून झाला होता आणि ओसरीवर कोणीच बोलत नव्हते.

"हिवाळ्यात इथे वीज जाते का?" एवढेच रोशेलने विचारले होते. घर दाखवायला आलेल्या कार्लाने किल्ल्यांचा जुडगा एका बोटावरून दुसऱ्या बोटावर घेतला. घराचे मालक, तिचे काका रेनो, पायरीवर बसून स्वतःच्या बुटांकडे पाहत राहिले. रोशेलची आई ओपलबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या खांद्याच्या पिशवीतले यंत्र नाकातल्या नळीतून प्राणवायू सोडत होते, आणि त्या शांततेत तेवढाच एक सुस्कारा ऐकू येत होता.

उत्तर मला ठाऊक होते. मित्रांनो, मी एक जुना तापमापी आहे. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, या शेतघराच्या मागच्या दाराशेजारी, त्रेपन्न वर्षे उत्तर पोटात घेऊन उभा आहे. मला विचारावे असे त्या दिवशी कोणाला सुचले नाही. मी त्यांच्यासाठी दाराजवळची एक जुनी, शोभेची वस्तू होतो. माझा संताप तिथून सुरू होतो. पण तो तिथे संपत नाही.

माझ्या नळीत पारा नाही. या मुलुखात पाराही गोठतो, म्हणून माझ्यात लाल रंगाचा मद्यार्क भरला आहे. माझ्या अंगावर दोन पट्ट्या आहेत. डावी या देशाची, फॅरनहाइटची; उजवी सीमेपलीकडच्या कॅनडातल्या लोकांची, सेल्सिअसची. वर्षभर त्या दोघी एकमेकींशी भांडत असतात. एकच हवा त्यांना वेगवेगळ्या आकड्यांत दिसते. मात्र उणे चाळीसवर आल्या की दोघी एकच आकडा उच्चारतात. त्या थंडीत मतभेदाला जागा उरत नाही.

गावातल्या धान्याच्या सहकारी संस्थेने एका नाताळात मला गिऱ्हाइकांना फुकट वाटले. रेनो आणि आयली यांचे नुकतेच लग्न झाले होते. आयलीने मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेन अशा बेताने रेनोंकडून दाराशेजारच्या फळीवर बसवून घेतले. "तिरका आहे," ती आतून ओरडली. "तिरका असला तरी थंडी सरळच मोजेल," रेनो म्हणाले, आणि तरीही स्क्रू काढून पुन्हा बसवले. मला वाटते, त्या दोघांच्या संसारातले ते पहिले भांडण असावे.

दर हिवाळी सकाळी रेनो बाहेर येत, माझ्या काचेवरचे गोठलेले दव अंगठ्याने पुसत आणि आकडा वाचत. थंडी उणे पस्तीसच्या खाली उतरली की खिशातून सुताराची चपटी पेन्सिल काढून माझ्याखालच्या फळीवर तो लिहीत. बोटे बधिर झालेली असत, म्हणून पेन्सिल जोर देऊन दाबावी लागे. देवदाराच्या मऊ लाकडात अक्षरे रुतत. आकडा, आणि त्यापुढे दोन-तीन शब्द. 'उणे ३८. शाळेची बस आली नाही.' 'उणे ४१. वासरू गेले.' 'उणे ४४. वीज नाही, दोन दिवस.'

मग स्वयंपाकघरात फोन वाजे. पलीकडच्या शेतावरचा अर्वो असे.

"काय रे, तुझ्याकडे किती?"

"बेचाळीस."

"बस? आमच्याकडे चव्वेचाळीस!"

"तुझा थर्मामीटर दारू पितो, अर्वो. माझा नुसती पोटात ठेवतो."

आत आयली हसे. वेलदोड्याच्या गोड पावाचा वास फटीतून बाहेर येई आणि कॉफीची वाफ माझ्या समोरच्या काचेवर फुले काढी. लोक थंडीची फुशारकी मारत, तेव्हा मला वाटे की मीच या घराचा कर्ता आहे. माझ्याकडे पाहून घरात कोण किती कपडे घालणार ते ठरे. माझ्याकडे पाहून गाडीची वायर जोडली जाई. इथल्या प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर लोंबत असते. रात्रभर इंजिनाला विजेची ऊब दिली नाही, तर सकाळी ते जागे होत नाही.

ती वायर लक्षात ठेवा, मित्रांनो. माझ्या संतापाचे मूळ तिच्यातच आहे.

ओसरीवर, माझ्यापासून हातभर अंतरावर, विजेच्या दोन जोडण्या होत्या. एकीत गाडीची वायर लागे. दुसरीत पाण्याच्या पाइपाला गुंडाळलेली तापणारी वायर लागे, म्हणजे पाइप गोठत नसे. पाच वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत दुसरी जोडणी जळाली. आयली म्हणाली, "आता दुरुस्त करून घे." रेनो म्हणाले, "उन्हाळा येऊ दे, निवांत करतो." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. मला कान नाहीत, तरीही ऐकले.

जानेवारी आला. एका संध्याकाळी मी उणे तीसवरून घसरू लागलो. रेनो दोन्ही हातांत दोन वायरी धरून त्या एकाच जोडणीसमोर उभे होते. गाडी की पाणी? मी माझ्याकडून जेवढे ओरडता येते तेवढे ओरडलो. लाल रेघ खाली, खाली, आणखी खाली नेली. याखेरीज मला दुसरा आवाज नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पाण्याची वायर जोडली. गेल्याच हिवाळ्यात पाइप फुटून आयलीने तीन आठवडे बर्फ वितळवून भांडी घासली होती. निवड प्रेमापोटीच झाली होती. मला प्रेमाचाही राग येतो, कारण ते वाचते बरोबर आणि वागते हवे तसे.

सकाळी त्यांनी काच पुसली, हसले आणि लिहिले: 'उणे ४६. पाणी चालू.'

दहाच्या सुमारास आयली चुलीपाशी छातीवर हात ठेवून खाली बसली. गाडी सुरू झाली नाही. फोनवर बोलावलेली रुग्णवाहिका मैलभर अलीकडच्या पुलापर्यंतच आली, कारण बर्फ ढकलणारी सरकारी गाडी पुलापासूनच माघारी वळते. पुढचा मैलभर रस्ता ज्याचा त्याने मोकळा करायचा असतो. तिच्यातली दोन माणसे कमरेएवढ्या बर्फातून घसरगाडी ओढत आली आणि आयलीला घेऊन गेली. ती पुलापर्यंत पोचली. पुलाच्या पलीकडे मात्र पोचली नाही.

संध्याकाळी रेनोंनी शेवटच्या ओळीखाली एकच शब्द लिहिला: 'आयली.' त्यापुढे आकडा नव्हता. त्यानंतर त्यांनी माझी काच पुसली नाही, फळीवर काही लिहिले नाही. चार हिवाळे मी गोठलेल्या दवाखाली आंधळा होऊन मोजत राहिलो. दुसऱ्या हिवाळ्यात थंडीने त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटे गेली, तेव्हा कार्ला शहरातून आली आणि म्हणाली, "काका, आता पुरे. माझ्या घराशेजारची खोली तुमच्यासाठी धरून ठेवली आहे. हे विकू." कार्ला वाईट नाही. मला ती वाईट असती तर बरे झाले असते. राग करायला सोपे गेले असते.

गेल्या महिन्यात तिने ही फळी पांढऱ्या रंगाने रंगवली. पन्नासेक हिवाळ्यांच्या ओळी, रंगाच्या एकाच हातात, दुपारच्या जेवणाआधी. कुंचला वर आला आणि माझ्याही अंगावरून गेला. उणे तीसच्या खालचे माझे सारे आकडे रंगात बुडाले. आता मला पाहणाऱ्याला वाटावे की हा प्राणी उणे तीसपाशीच संपतो. रेनो दारात उभे राहून पाहत होते. त्यांनी "थांब" म्हटले नाही. मित्रांनो, कार्लाचा कुंचला मी एक वेळ विसरेन. ते न उच्चारलेले "थांब" मी विसरणार नाही.

आणि मग जून आला. जूनसारखा खोटारडा महिना इथे दुसरा नाही. गवत इतके हिरवे की डोळ्यांना तहान लागावी, वायव्य वाऱ्याचे नाव नाही, तळ्यावर पक्षी. डासांनासुद्धा त्या दिवशी लाज वाटली असावी. रोशेल आणि तिची आई ॲरिझोनाच्या वाळवंटातून आल्या होत्या. रोशेल घरात बसून संगणकावर काम करते. तिला कुठेही राहता येते. तिच्या आईला मात्र कुठेही श्वास घेता येत नाही.

"मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे वीज गेली," रोशेल घर पाहता पाहता सांगत होती. "बाहेर नुसती भट्टी. आईचं यंत्र बंद पडलं. शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीवर दीड तास चालवलं. तेव्हाच ठरवलं, थंड मुलखात जायचं."

"थंड ना? मग योग्य ठिकाणी आलात," कार्ला म्हणाली.

रोशेलने अंगणातल्या गाडीच्या नाकातून लोंबणारी वायर पाहिली. "ही विजेवर चालते?"

"चालते पेट्रोलवर," रेनो म्हणाले. "झोपते विजेवर."

ओपलबाई मनापासून हसल्या. त्या दिवशी रेनो तेवढेच बोलले. त्यानंतर रोशेलने तो प्रश्न विचारला, आणि मी सुरुवातीला सांगितलेली शांतता आली.

शेवटी कार्ला म्हणाली, "वीज? जाते क्वचित. कुठे जात नाही? आणि इथली थंडी कोरडी असते. अंगाला जाणवतसुद्धा नाही."

मी त्या वेळी डाव्या पट्टीवर चौऱ्याहत्तर आणि उजवीवर तेवीस दाखवत होतो. रोशेलने माझ्याकडे पाहिले आणि तिचा चेहरा निवळला. "बघ आई, किती छान हवा आहे!" मित्रांनो, मी आयुष्यात कधी खोटे बोललो नाही. चौऱ्याहत्तरही खरेच होते. माझ्याच खऱ्या आकड्याने माझ्यादेखत एका बाईला फसवले जात होते, आणि मला तो आकडा गिळता येत नव्हता. काच फोडून घेता आली असती तर घेतली असती.

खुर्चीतून पुढे वाकताना ओपलबाईंनी आधारासाठी माझ्याखालच्या फळीवर हात ठेवला होता. रंगाखालच्या खाचांवर त्यांची बोटे थांबली, मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"रोशेल, ते घराच्या फोटोंचं पत्रक दे. आणि पेन्सिल."

"आई, आता चित्रं काढायचीत का तुला?"

"पहिलीच्या पोरांना तीस वर्षं पानांचे ठसे काढायला शिकवलंय मी. दे म्हणते ना!"

त्यांनी कोरी बाजू वर ठेवून पत्रक फळीवर दाबून धरले आणि पेन्सिल आडवी धरून घासू लागल्या. कागद हळूहळू काळा झाला आणि त्या काळोखातून पांढरी अक्षरे वर आली, जणू बर्फाखाली गाडलेली माणसे एकेक करून उठून उभी राहत होती. कार्ला पुढे झाली. "जुनं काहीतरी असेल, बाई. सोडा ना."

ओपलबाई एका दमात वाचू शकत नव्हत्या. यंत्र सुस्कारा टाकेल तेवढेच शब्द त्या वाचत. "उणे अडतीस. शाळेची बस... आली नाही. उणे एक्केचाळीस. वासरू गेले. उणे चव्वेचाळीस. वीज नाही... दोन दिवस."

रोशेलने कार्लाकडे पाहिले. "क्वचित?"

"ते फार जुनं आहे," कार्ला म्हणाली. "आता तारा नव्या टाकल्यात. खरंच सांगते. मी काही... काका, तुम्ही सांगा ना यांना!"

रेनो पायरीवरून उठले होते. ओपलबाई अजून वाचत होत्या. "उणे सेहेचाळीस. पाणी चालू. बरं झालं, पाणी तरी होतं." मग कागद डोळ्यांजवळ नेला. "आयली. ही कोण?"

"काकू," कार्ला हळूच म्हणाली. "माझी काकू." आणि ती रडू लागली. रंग तिनेच दिला होता, हे मला माहीत होते. पण त्या नावावरून कुंचला फिरवताना ती थांबली होती, हेही मी पाहिले होते.

मित्रांनो, मी जुनी वस्तू आहे, मला शहाणपण सांगायचा अधिकार नाही. पण तुम्हीही कधी तरी एखादे घर घ्याल, एखादे विकाल. भिंतींना हवा तो रंग द्या. मात्र जिथे कोणी काही सोसून लिहून ठेवले असेल, तिथे कुंचला उचलण्याआधी ते एकदा वाचा. जळालेली जोडणी उन्हाळ्यावर ढकलू नका. आणि माझ्यासारखे कोणी दारात उभे राहून मुकाट्याने सांगत असेल, तर जूनमध्ये नव्हे, जानेवारीत त्याच्याकडे पाहायला या. मी विनवणी करत नाही. विनवण्या करून करून माझी रेघ उतरली आहे.

ओपलबाईंनी कागदाची घडी घातली नाही. तो मांडीवर पसरून त्या रेनोंकडे वळल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझा होता तेवढा पुरेसा होता.

"रेनो, मला रस्ता, तारा काही सांगू नका. मी म्हातारी बाई आहे, एकच सांगा." यंत्राने सुस्कारा टाकला. "तुमची आयली आज असती, आणि तिच्या नाकात ही नळी असती, तर पुढच्या जानेवारीत तिला तुम्ही या घरात ठेवलं असतं का?"

कार्ला रडायची थांबली. शहरातल्या खोलीचे पैसे या विक्रीतूनच यायचे होते; घर विकले गेले नाही, तर पुढचा हिवाळाही रेनोंना इथेच एकट्याने काढावा लागेल, हे तिथे सगळ्यांना कळत होते.

रेनो माझ्याजवळ आले. काच कोरडी होती, दवाचा थेंबही नव्हता. तरी त्यांनी अंगठा माझ्यावरून वरपासून खालपर्यंत फिरवला, आणि खाली, उणे तीसच्या खालच्या रंगावर, नखाने दोनदा खरवडले. रंगाचा एक पापुद्रा निघून पायरीवर पडला, आणि उणे चाळीसचा आकडा उघडा झाला; तेच त्यांचे उत्तर होते. मग त्यांनी टोपी घातली, एकाही माणसाकडे न पाहता तीन पायऱ्या उतरले आणि हिरव्या गवतातून, आयली जिथवर पोचली होती त्या पुलाच्या दिशेने चालू लागले.