शेवटचं रीळ

थिएटरच्या मालकाला हौस फार. त्याने दाराशी खोकं ठेवलं: आवडता सिनेमा आणि का आवडतो ते लिहा, जास्त मतं मिळतील तो रविवारी पुन्हा लावू. चिठ्ठ्या वाचायचं काम अर्थातच ऑपरेटरच्या गळ्यात. निम्म्या चिठ्ठ्यांवर एकच सिनेमा आणि एकच कारण. रुसलेला भाऊ घरी येतो, बहीण दार उघडते, संपला.

ऑपरेटरने कपाळाला हात लावला. तो सिनेमा तिथे संपतच नव्हता.

तीस वर्षांपूर्वी गळक्या छपराखाली शेवटचं रीळ भिजून त्याचा दगड झाला होता. नोकरी जाईल म्हणून याने ब्र काढला नाही. बहिणीने दार उघडलं की हा दिवे लावायचा. अकरा आठवडे हाउसफुल्ल. त्या रिळात भाऊ आत येतो, गोड बोलून बहिणीची सही घेतो आणि तिलाच घराबाहेर काढतो, हे गावात फक्त ऑपरेटरला माहीत; भिजण्याआधी त्याने ते एकट्याने चालवून पाहिलं होतं.

आणि त्याच्या बायकोने तो सिनेमा नऊ वेळा पाहिलेला. बापाच्या घरावरून भावाशी चार वर्षं अबोला होता. नवव्या खेळानंतर तिने स्वतः जाऊन तो मोडला. रविवारी ती त्याच भावाला घेऊन येणार होती. नवी प्रत कॉम्प्युटरवर आलेली, अख्खी.

शनिवारी त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं. ती इस्त्री करत होती.

"अहो, काड्या घालायला दुसरं काही सापडलं नाही?"

"अगं, ते रीळ मी या हातांनी पुरलंय. थिएटरच्या मागे."

"माझ्या भावाचं तुम्हाला पहिल्यापासून वावडं. सदऱ्याचं बटण तुटलंय, बघा."

रविवारी पडद्यावर दार उघडलं, टाळ्या पडल्या, लोक उठले. सिनेमा चालूच. लोक बसले. सही झाली, बहीण रस्त्यावर आली. केबिनच्या झरोक्यातून ऑपरेटरला तिसऱ्या रांगेतली दोन डोकी दिसत होती, ताठ, एकमेकांकडे न बघणारी. आता पुन्हा अबोला, आणि आपल्यामुळे. दिवे लावून तो धावतच खाली गेला.

मेहुणा जिन्यात लालबुंद उभा. "भाऊजी, हे शेपूट कोणी चिकटवलं?"

"चिकटवलं नाही रे. मूळचंच आहे. तेव्हा मीच ते..."

"सोडा हो. आम्ही काय तेव्हा डोळे मिटून बसलो होतो?"

"कालपासून हेच पढवतायत मला," बायको म्हणाली. "आजकालच्यांना कोणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही."

मागच्यांनी माना डोलावल्या. मालक म्हणाला, कंपनीकडे तक्रार करतो.

तीस वर्षं पोटात ठेवलेलं पाप भर गर्दीत ओकलं, तर फुकटसुद्धा कोणी घेईना. बायको भावाचा दंड धरून पायऱ्या उतरत होती. सिनेमा काढणाऱ्यांच्या सात पिढ्या दोघं मिळून उद्धरत होते. मग दोन शिव्या घालायला ऑपरेटरही त्यांच्यामागून उतरला.