लाखेत बसवलेली फिरकी

चिमटा पितळेच्या ताटलीत पडला आणि टणकन वाजला. धाकटा दीर गुंडो गेल्यापासून घरात कुणी भांड्याला भांडं लागू दिलं नव्हतं, त्यामुळे तेवढा आवाजही घरभर ऐकू गेला असेल. तिनं माजघराच्या दाराकडे पाहिलं. कडी लावलेली होती.

"लागलं का गं?"

सरोजानं नाही म्हणून मान हलवली. धाकट्या जावेचं डोकं कनकाच्या मांडीवर होतं. नाकपुडीवर हिऱ्याची चमकी, आणि आतून ती धरून बसलेली सोन्याची फिरकी, तांदळाच्या कणीएवढी. सकाळपासून ती तसूभर हलली नव्हती.

आज गुंडोचा दहावा. कनकाचा नवरा शेषगिरी भटजींना घेऊन भावाच्या क्रियेसाठी समुद्रावर गेला होता. दुपारी बायका येणार होत्या. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, सगळं उतरवायचं. ते उतरलंही असतं. पण चमकी सुटत नाही म्हणून कुणाचं अडत नाही. ती ओढून काढतात. हे कनकाला कुणी सांगायला नको होतं, तिनं राजसबाईंचं नाक पाहिलं होतं. शेषगिरीची ही आत्या परकरी वयात विधवा झाली होती, आणि तेव्हापासून तिच्या नाकपुडीची कड चिरलेली होती, जुन्या पाकिटाच्या तोंडासारखी. आज बायकांच्या पुढे तीच असणार होती.

"नाहीच काढली तर?" कनकानं सकाळी नवऱ्याला विचारलं होतं.

"मी एकटा कुणाकुणाच्या तोंडाला लागू, कनका?" असं म्हणून तो जिना उतरला होता. माणूस वाईट नव्हता. भावासाठी उशीत तोंड खुपसून रडला होता.

मग उरलं एवढंच. काढायचीच असेल तर आपल्या हातानं काढायची. रक्त न काढता.

तिनं खोबरेल तेल सोडलं, थांबली, पुन्हा सोडलं. चमकी बाहेरून अंगठ्यानं घट्ट धरायची आणि आतली फिरकीच फिरवायची, हे तिला ठाऊक होतं. चमकी फिरवली तर दांडी मोडते आणि तुटका तुकडा मांसात राहतो. पण बोट सटकत होतं. नख तुटलं. चिमट्यानं तर आतली कातडीच धरली होती.

"अक्का, राहू दे," सरोजा म्हणाली. "त्या ओढतील तेव्हा निदान एकदाच दुखेल."

"गप्प पड."

कनकाची चार वर्षांची भवानी वाटी धरून शेजारी उकिडवी बसली होती. नुकतेच कान टोचले होते तिचे. दोन्ही भोकांत कडुलिंबाच्या काड्या होत्या. "अम्मा, मी फिरवू? माझं बोट बारीक आहे."

तेवढ्यात कडी वाजली. सरोजा उठून बसली, तिनं दोन्ही हातांनी नाक झाकलं. कनका दाराला पाठ लावून उभी राहिली. तिला वाटलं, आता नाहीच उघडायचं. काय व्हायचं ते होवो.

"कनके, उघड. एकटीच आहे मी."

राजसबाई आत आल्या. पांढऱ्या लुगड्याच्या ओच्यात काहीतरी जड होतं. त्यांनी ताटली पाहिली, तेलानं चमकणारं सरोजाचं नाक पाहिलं.

"वांगं तळते आहेस की काय? तेलानं लाख सुटते होय गं?"

"लाख?"

"लग्नात मीच सोनाराला सांगितलं होतं. आपल्यात सवाष्णीचं नाक ओकं पडू नये म्हणून फिरकीच्या आट्यांत मेण घातलेली लाख भरतात. कधी म्हणून सुटू नये." त्यांनी चिरल्या नाकपुडीवरून अंगठा फिरवला. "माझ्यातही भरली होती. ती शेकून सोडवायची, हे मेल्यांना आठवलं नाही तेव्हा."

कनकानं त्यांचे पाय धरले. "आत्याबाई, राहू द्या ना तिची. वीस वर्षांची पोर."

"मी राहू देईन. बाकीच्या? आज नाही तर वर्षश्राद्धाला कुणीतरी हात घालील, आणि तेव्हा तू नसशील तिथे." त्यांनी पाय सोडवून घेतले. "ऊठ. कढत पाणी आण. आणि चुलीतली राख."

कढत पाण्यात चिंधी पिळून, सोसेल तेवढी गरम, राजसबाई ती चमकीवर धरत राहिल्या. निवली की दुसरी. सरोजाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते चटक्याचं की कशाचं, कुणी विचारलं नाही. कनकानं बोटांचं तेल पुसून राख लावली.

"आता. घाई नको. आधी किंचित घट्ट कर, मग उलटी."

कनकानं चमकी बाहेरून अंगठ्यानं दाबून धरली. फिरकी बोटाला चिकटली, अडली, आणि मग आतल्या आत काहीतरी मऊ पडल्यासारखी वळली. एक वेढा. आणखी एक. आयुष्यात इतक्या मायेनं तिनं काही केलं नव्हतं, आणि करू नये असं इतकं काही वाटलंही नव्हतं. मधेच तिचा हात थांबला.

"थांबू नकोस," राजसबाई म्हणाल्या. "लाख पुन्हा धरेल."

फिरकी वाटीत पडली. पाठोपाठ चमकी. रक्ताचा थेंब नाही. सरोजानं नाकाला बोट लावलं आणि ते तिथेच ठेवलं.

राजसबाईंनी ओच्यातली लोखंडी पकड काढली, क्षणभर पाहिली, नि खिडकीतून परसात टाकून दिली. "बायका आल्या की सांग, मी उतरवलीय म्हणून," असं म्हणून त्या पाठमोऱ्या बसल्या.

भवानी कधी बाहेर गेली ते कळलं नव्हतं. ती परसातून धावत आली. मुठीत कडुलिंबाची ताजी काडी होती, साल काढून गुळगुळीत केलेली, आई तिच्यासाठी करते तशीच.

"अम्मा, भोक बुजेल ना. काकीला दुसरी चमकी घालेपर्यंत ही घालायची ना?"