बाळाची आई पाण्यात उतरते

रविवारी सकाळी तळं साफ करायला जमणारी मंडळी तिला 'बाळाची आई' म्हणत, आणि तिचं काम काठावरचं होतं. पाण्यात उतरलेल्यांवर लक्ष ठेवायचं, कुणी गाळात रुतलं तर ओरडायचं, बाहेर काढलेली जलपर्णी पाण्यापासून लांब ओढून टाकायची. मुलगी पोटाशी झोळीत बांधलेली. लक्ष ठेवण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता. घरी झोपलेल्या मुलीच्या नाकाखाली बोट धरून ती श्वास चालू आहे ना बघायची, आणि बघून झालं की पुन्हा बघायची.

"काका, तिकडे खोल आहे हो!"

"बाळाची आई," पाण्यातून काका ओरडले, "जन्मभर बस चालवली मी. इतक्या सूचना मला ट्रॅफिकवाल्यानंसुद्धा दिल्या नाहीत!"

सगळे हसले, तीही हसली. मग ते पुन्हा आपापसात बोलू लागले, कमरेएवढ्या पाण्यात, खांद्याला खांदा लावून. शब्द काठापर्यंत येत नव्हते, नुसता आवाज यायचा, शेजारच्या घरात पाहुणे आले असावेत तसा.

नवरा लांबच्या कामावर, दोन-तीन महिन्यांनी चार दिवस यायचा. एरवी फोन: जेवलीस का, ती झोपली का, आवाज तुटतोय गं, ठेवतो. इमारतीतले लोक लिफ्टमध्ये मुलीकडे बघून हसत. तिच्याकडे बघत नसत असं नाही, पण तोवर मजला यायचा. दिवसभर मुलीशी बोलून तिच्या जिभेला लाडिक बोलण्याची इतकी सवय लागली होती, की एकदा दुकानात गल्ल्यावरच्या दाढीवाल्या माणसाला ती म्हणाली, "आता आपल्याला पिशवी हवी ना? हवी हवी!" त्याने मुकाट्याने पिशवी दिली. घरी येऊन ती आधी हसली, आणि मग बराच वेळ दिवा न लावता बसून राहिली.

त्यामुळे रविवार. बाकीचे सहा दिवस ती त्याच्या आधारावर ढकलायची. पण तिला काठ नको होता, पाणी हवं होतं, त्या बोलण्याच्या मधोमध. त्यासाठी कुणाला तरी म्हणायला हवं होतं, 'जरा हिला धरता का?' आणि मागायचं म्हटलं की तिची दातखीळ बसायची. बाळंतपणानंतर स्वतःच्या आईलासुद्धा ती "जमेल गं माझं मला" म्हणाली होती. आई बिचारी खरं धरून बसली.

एका रविवारी मात्र शिवणवाल्या ताई काठावरच्या दगडावर बसून राहिल्या. कोपऱ्यावर त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. बोलणं मोजकं, तेही कात्रीसारखं.

"पाठ धरलीये माझी. वाकवत नाही. द्या ती पोरगी इकडे, आणि ही माझी छातीपर्यंतची रबरी विजार चढवून तुम्ही उतरा."

"नको, ती नव्या माणसाकडे... तिची मान जरा, आणि ऊन लागलं की ती..."

"बाई, दोन वाढवलीत मी, मशीनच्या पायाशी. दोन्ही धडधाकट आहेत. द्या."

तिने दिली. हात रिकामे झाल्यावर त्यांचं काय करायचं ते तिला क्षणभर कळेना.

"या, या, पुढे सरका, पुढे जागा आहे!" काकांनी स्वागत केलं आणि काम समजावलं. पाणी गढूळ, दिसत काहीच नाही, सगळं हातांनी चाचपून. पानांखाली हात घालायचा. जलपर्णी तरंगती, मुळं मोकळी लोंबती, अलगद येते. "पण हाताला काही अडलं, तर थांबायचं. ओढायचं नाही. खाली ताईंची कुमुदिनी आहे."

कुमुदिनी या तळ्याचीच, जलपर्णीने गुदमरून कधीची नाहीशी झालेली. ताईंनी कुठून तरी तिचे कंद मिळवले होते, गच्चीवर टबांमध्ये रोपं वाढवली होती आणि या मोसमात इथे गाळात खोचली होती. पानं अजून वर आली नव्हती.

थंड पाणी रबरावरून पायांना दाबत होतं. ती काम करू लागली. शेजारून कुणीतरी विचारलं, "रात्री झोपू देते का हो?" आणि ती चक्क स्वतःबद्दल बोलली, सलग चार वाक्यं. कुणीतरी म्हणालं, "अगदी आमच्या सुनेसारखं!" तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

मग काठावर मुलगी रडायला लागली. तिने कान तिकडे ठेवले, हात इकडे. रडणं तिला समजत होतं. रडते आहे म्हणजे आहे. आणि एकाएकी रडणं थांबलं.

ती गर्रकन वळली. उन्हाने पाणी चकाकत होतं. ताईंची पाठ दिसत होती, मुलगी दिसत नव्हती. हात पाण्याखाली अडकला होता. तिने हिसका दिला. सुटेना, तेव्हा अंगातलं सगळं बळ लावून आणखी एक दिला.

हातात आलं ते जलपर्णीचं नव्हतं. लांब फिकट देठ, घडी न उलगडलेली तांबूस पानं, टोकाला चिखलाने माखलेला कंद. त्याच्यात गुंतून दुसरं, तिसरं, अख्खी ओळ.

काकांनी विनोद केला नाही. तेव्हाच तिला कळलं, काय झालंय ते.

ती रोपं घेऊन काठावर आली. मुलगी ताईंच्या खांद्यावर गाढ झोपली होती. म्हणून ताईंना ओरडताही आलं नाही.

"हाताला अडलं नाही का?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"अडलं."

"मग?"

तिने रबरी विजार उतरवून त्यांच्यापुढे ठेवली. ताईंनी मुलगी परत दिली, रोपं बादलीतल्या पाण्यात ठेवली आणि तशा दुखऱ्या पाठीने, काकांचा हात धरून स्वतः उतरल्या. ती काठावरून बघत राहिली. त्या एकेक रोप गाळात खोचत होत्या, दर वेळी वाकताना तोंड आवळून.

पुढच्या रविवारी तिने मंडळींच्या ग्रुपवर टाकलं, 'मुलीला सर्दी आहे.' कुणीतरी अंगठा दाखवला. त्याच्या पुढच्या रविवारी तिने काहीच टाकलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. फोनची घंटी बंद तर नाही ना, हे तिने चार वेळा तपासलं. धुतलेले कपडे पुन्हा धुतले.

मग एका दुपारी ती बाबागाडी ढकलत तळ्यावर गेली. चिटपाखरू नव्हतं. रोपांच्या जागेवर जलपर्णी परत सरकून आली होती. खाली काही जगलंय की नाही, ते काठावरून दिसणं शक्य नव्हतं, हात घालूनच कळलं असतं. गाडी सावलीत लावून, चाकं अडकवून, एकच मिनिट? तिने एक चप्पल काढली. गाडीकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि चप्पल परत घातली.

एक माणूस हवं होतं. एवढ्या मोठ्या वस्तीत एक. आता नाही विचारलं, तर घरी जायचं आणि यापुढे रविवारीही घरीच बसायचं, हे तिला लख्ख दिसलं.

तिने फोन लावला. पलीकडे मशीन धडधडत होतं, ते थांबलं.

"कोण?"

"मी. बाळाची आई. तळ्यावर आलेय. रोपं धरली का ते बघायचं होतं. पण मुलीला धरायला माझ्याकडे कुणी नाहीये, ताई. म्हणजे तसं कुणीच नाहीये. तुम्ही याल का?"

पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"मी बघून आले परवा," ताई म्हणाल्या. "निम्मी कुजली."

"बरं," ती कसंबसं म्हणाली. "मग मी..."

"निम्मी धरलीत म्हणतेय मी. वरची जलपर्णी काढायला हवी, नाहीतर तीही जातील. एका गिऱ्हाइकाची चेन बसवायची राहिलीये, तेवढी बसवते आणि येते. आणि ऐका, तोवर उतरू नका एकट्या."

फोन बंद झाला. मुलगी जागी होती, स्वतःचा पाय तोंडात घालायच्या उद्योगात. ती सावलीत गाडीशेजारी बसली. रस्ता तळ्याला वळसा घालून झाडांआड जात होता, आणि त्यावर अजून कुणी नव्हतं.