उलटा बाण

मार्गशीर्षातली दुपार कलली होती. मिरजेबाहेरच्या बंद पडलेल्या मुरमाच्या खाणीत ऊन तिरपं उतरलं होतं. तांबूस, मवाळ, धूलिधूसर. काठावर सुकलेल्या टाकळ्याच्या शेंगा वाऱ्याने वाजत होत्या. तळाशी चुन्याची एक शुभ्र रेघ होती, आणि रेघेवर उभी होती एक गाडी: चार चाकं, एक आसन, आणि आकाशाचं छप्पर.

मोडक्या कॉटच्या नळ्यांची तिची हाडं. भंगारातल्या मोटारसायकलचं तिचं काळीज. शेत नांगरणाऱ्या पॉवर टिलरची, खोल नक्षीची तिची चाकं. नवं काही परवडणारं नव्हतं, म्हणून टाकलेल्या लोखंडातूनच ती जन्मली होती.

आराखडा ऋजुता बन्नेचा. भौतिकशास्त्राची नवीकोरी पदवी, नखांत ग्रीस, डोळ्यांत आकडे. वेल्डिंग इब्राहिम शिकलगारांचं. गावातली निम्मी फाटकं ज्यांच्या हातची, ते इब्राहिमचाचा.

इंजिन बसवताना चाचा थांबले होते. "पोरी, सायलेन्सर आसनापासनं लांब जावा म्हणून तू इंजिन फिरवलंस खरं. पण आता चाकं उलटी फिरतील बघ."

तिने कागद पुढे धरला होता. त्यावर फिरण्याची दिशा दाखवणारा सुबक, निळा बाण. "चाचा, हिशोब झालाय माझा. तुम्ही फक्त टाके मारा."

फक्त. वेल्डिंगच्या ठिणगीहून लहान शब्द, ठिणगीहून खोल भाजणारा. चाचांनी काळी काच डोळ्यांवर ओढली, आणि टाके मारले.

आज काठावर माणसं जमली होती. बागेच्या कमिटीचे भोकरेही आले होते. बागेतला मुलांचा चक्री-पाळणा चाचांकडून घडवून घ्यायचा की नाही, हे ते आज चाचांचं काम पाहून ठरवणार होते.

ऋजुता आसनावर बसली. इंजिन खोकलं, गुरगुरलं, गरजलं. तिने क्लच सोडला.

आणि गाडी मागे गेली. रेघेपासून मागे, माणसांपासून मागे, तांबड्या धुळीच्या लोटात मागे मागे.

हसू खाणीच्या भिंतींवर आपटून दुप्पट झालं. "काय ओ चाचा," भोकरे वरून ओरडले, "उलट्या पायाचं भूत केलंय की! आमचा पाळणा पण असाच फिरायचा. नको बाबा, दुसरा कुणीतरी बघतो."

चाचांनी मान खाली घातली. "चुकलं, साहेब. इंजिन माझ्याच हातनं उलटं बसलं."

सत्य ऋजुताच्या ओठांपर्यंत आलं, आणि तिथेच थिजलं. माणसं पांगली. धूळ बसली. ती बसूनच राहिली.

आरपार काचेचं घड्याळ मागच्या बाजूने पाहिलं, तर काटे उलटे फिरताना दिसतात. तिने बाण काढला होता एका बाजूने पाहून, आणि इंजिन बसलं होतं दुसऱ्या बाजूने. बाणाची लाज तिने सोसली असती. मौनाची लाज मात्र सोसवेना.

"धर पाना," चाचा म्हणाले.

"चाचा, तुम्ही का..."

"तुझी पहिली गाडी हाय. माझी फाटकं लई झाली."

बोल्ट निघाले. इंजिन वळलं. साखळी दुसऱ्या बाजूने चढली. आता गाडी पुढे धावली. सरळ, नितळ, बाणासारखी. चाचा टाळ्या वाजवत होते. ऋजुताला हसता आलं नाही.

तिने वाकून धुळीकडे पाहिलं. चाकांची खोल नक्षी, रेघेच्या मागे आणि रेघेच्या पुढे, हुबेहूब सारखी. मागे गेलेलं चाक आणि पुढे गेलेलं चाक एकच ठसा ठेवतं. धुळीला दिशा ठाऊक नसते. धूळ काही सांगणार नव्हती. चाचाही सांगणार नव्हते.

तिने गाडीचं तोंड गावाकडे वळवलं.

भोकरे आपल्या घराच्या ओट्यावर चहा पीत होते. "वा! सरळ झाली की!"

तिने इंजिन बंद केलं. खिशातला कागद त्यांच्यापुढे उलगडला. "उलटा बाण माझा होता," ती म्हणाली. "चाचांनी मला आधीच सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. आणि मघाशी, तुम्ही हसताना, मी गप्प बसले."

कप ओट्यावर टेकला. भोकऱ्यांनी कागद हातात घेतला. निवणारं लोखंड टिकटिकत होतं, आणि मावळत्या उन्हात चाकांच्या नक्षीतून तांबडा मुरूम ओट्यापुढच्या पांढऱ्या फरशीवर गळत होता; कण कण, कण कण.