कानाला धोका नाही

आमच्या विभागात संशोधनाचा पेपर लिहून झाला की तो आधी सरांच्या टेबलावर जातो. वाचायला नव्हे, शेवटच्या संदर्भांत सरांचे स्वतःचे सात-आठ पेपर घुसडायला. विषय मूत्रपिंडाचा असो की कातडीचा, सर तिथे हजर. जगात कुणीही आपल्या पेपरचा संदर्भ दिला की एक आकडा वाढतो, आणि त्या आकड्यावर या माणसाचा जीव. बाहेर पेशंट ताटकळत असतात आणि हे मोबाईलवर आकडा बघून गालातल्या गालात हसत असतात. मला त्या हसण्याचीच किळस येते.

त्यांचा सगळ्यांत गाजलेला पेपर एका जुन्या इंजेक्शनवरचा. डोस दुप्पट केला तरी कानाला धोका नाही, असा निष्कर्ष. लोकांनी तो डोक्यावर घेतला. आमच्या इस्पितळात तर तो डोस म्हणजे नियमच झाला. गेल्या वर्षी माझ्या आत्याला फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला, तेव्हा तिलाही तोच दिला. संसर्ग गेला. घरी आल्यावर हळूहळू कानही गेले.

आत्या याच इस्पितळातली सिस्टर, आता निवृत्त. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. डोळा लागलेला पेशंट जागा होऊ नये म्हणून जन्मभर हळू बोललेली बाई. आता तिला स्वतःचा आवाज कळत नाही. कानात कुजबुजायला जाते आणि शेजारचे दार उघडून बघतात. वर म्हणते, "वय झालं गं, चालायचंच."

मला काही ते पटेना. मी त्या डोसवरच्या जुन्या पेशंटना परत बोलावून कान तपासले. कितीतरी जणांची तीच गत. इजा सावकाश होते, आणि सरांनी कान तपासले होते घरी सोडायच्या दिवशी. मग काय दिसणार, कपाळ? मला एकच हवं होतं, सरांनी तो पेपर मागे घ्यावा. त्यांनीच घेतला तर डोस लगेच बंद होईल. माझ्या एकटीच्या पेपरला कोण कुत्रं विचारतंय.

सगळं लिहून त्यांच्या खोलीत गेले. वाटलं, खवळतील. कसलं काय. चहा पीत वाचलं आणि स्वारी खूश.

"झकास. चांगलं सोलून काढलंयस मला."

"सर, लोकांचे कान जातायत. तुम्ही पेपर मागे घ्या."

"मागे घेतला की त्याचा आकडा तिथेच थांबला. त्यापेक्षा तू टीका कर ना, हवी तेवढी. शिव्या घातल्यास तरी संदर्भ माझाच द्यावा लागणार. फक्त माझे अजून चार घाल यात."

"तुम्ही नंतर परत तपासले नव्हते त्यांचे कान?"

"तपासले की, तीन महिन्यांनी. काहींचे गेले होते. पण तोवर पेपर छापायला गेला होता."

भाजी महाग झाली म्हणावं तितक्या सहज म्हणाले. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. जनाची नाही, मनाची तरी? त्यांनी माझ्यापुढेही कप सरकवला. तो तसाच ठेवून मी उठले.

त्याच आठवड्यात त्यांचा सत्कार होता. ज्यांच्या पेपरांना सर्वाधिक संदर्भ मिळाले ते डॉक्टर, म्हणून. जुन्या कर्मचाऱ्यांनाही बोलावणं होतं. आत्या ठेवणीतले कपडे घालून पहिल्या रांगेत माझ्याशेजारी बसली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं, म्हटलं उगाच जीव जाळायचा तिचा. ती बाकीच्यांचे हात बघून टाळ्या वाजवत होती. आणि कुणाला, तर या माणसाला. बघवेना मला.

भाषण उरकून सर खाली आले. आत्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "सिस्टर, त्या गाजलेल्या पेपरातली इंजेक्शनं तुमच्या हातची. अर्धा सत्कार तुमचा." आत्या हसून मान हलवत राहिली. सर पुन्हा मंचावर गेले, तशी तिनं हातानंच मला विचारलं, काय म्हणाले?

तिच्यासाठी मी मोबाईलवर लिहिते. सर म्हणाले तसंच्या तसं लिहिलं. मग मला राहवेना. लिहिलं, याच डोसनं तुझे कान गेले, बाकीच्यांचेही. सरांना तीन महिन्यांतच कळलं होतं.

तिनं चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. मंचावर फोटोची तयारी चालली होती, सभागृह शांत होतं. ती माझ्याकडे झुकली. तिच्या मते ती कुजबुजली.

"म्हणजे मी माझ्या हातानं माणसं बहिरी केली, आणि यांना ते माहीत होतं?"

शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. सर माईकपाशी आले, घसा खाकरला आणि खुलासा करू लागले. आत्याला त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नाही. त्यांचं बोलणं चालू असतानाच ती मला परत तेच विचारत राहिली.