नाव न घेता

"पाय सैल सोडा, बाई. मी धुतोय, कापत नाही," कल्याण साळवे म्हणाला आणि त्याने कोमट पाण्याचे तसराळे जवळ ओढले.

कोपरगावाजवळच्या त्या लहानशा मिशन दवाखान्यात कल्याणने एकतीस वर्षे जखमा धुतल्या होत्या, आणि त्याच्याकडून बायबलातले वचन ऐकल्यावाचून एकही रोगी बाहेर पडला नव्हता. पट्टीची शेवटची गाठ मारण्यापूर्वी तो समोरच्याला डोळे मिटायला लावी, हात जोडायला सांगे आणि दोन वाक्यांत प्रार्थना करी. आया रतनबाई म्हणे, "साळवेभाऊंकडं पट्टी फुकट, पण वचन सक्तीचं." कल्याण ते हसण्यावारी नेई. अनोळखी माणसाचे दुःख पाहून आपले मन द्रवते, याविषयी त्याला संशय नव्हता. ते खरोखरच द्रवत असे. पुढे जे घडले ते दयेच्या अभावी घडले नाही, एवढे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे.

बाकावर भागूबाई बसली होती. खर्ड्याकडची, ऊसतोडीला आलेली, पन्नाशीची विधवा. तोडणीच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. ती आणि तिचा मुलगा मच्छिंद्र असा मायलेकरांचा एक कोयता टोळीत लागला होता. ऊस तोडताना हात निसटला, असे तिने डॉक्टरांना सांगितले. डॉक्टरांनी पाच टाके घातले, तसेच लिहून घेतले आणि ते पुढच्या रोग्याकडे वळले.

कल्याणने मात्र जखम पाहिली. स्वतःच्या हातचा कोयता निसटला तर तो डाव्या नडगीवर येतो, फार तर पावलावर. ही जखम पोटरीवर होती. मागून आलेली, तिरकी.

"स्वतःचा कोयता पोटरीला लागत नाही, बाई," तो हळू आवाजात म्हणाला.

तिने लुगड्याचा काठ खाली ओढला. इथे थांबता आले असते. पण कल्याण थांबला नाही. टाचेच्या भेगांतली माती धुता धुता तो बोलत राहिला: प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याच्यापुढे लपवण्यासारखे काही नसते, आतला पू बाहेर पडल्याशिवाय वरची कातडी मिळून येत नाही. एकच प्रश्न त्याने तीन निरनिराळ्या वाटांनी विचारला. तिसऱ्या खेपेस भागूबाईच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि मग सगळेच बाहेर आले. उसाच्या फडात प्यायचे पाणी आणायला तिला उशीर झाला, एवढ्यावरून मच्छिंद्रने कोयता भिरकावला होता. त्याची सोयरीक टोळीतल्याच पुंजारामच्या मुलीशी जमली होती. पुंजाराम सरळ माणूस होता. आईवर हत्यार टाकणाऱ्याच्या घरी तो लेक देणार नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

"कुनाला बोलू नका, दादा," ती म्हणाली.

"हे तुमच्यात, माझ्यात आणि देवात. बरं, तुमच्यासाठी देवाकडं काय मागू?"

ती पायाचे काही मागेल, असे त्याला वाटले होते.

"त्येला सांगा, माज्या पोराला काय करू नको म्हनावं."

एकतीस वर्षांत अशी विनंती त्याच्या कानी आली नव्हती. गाठ मारताना त्याचे मन खरोखरच द्रवले. आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, हे वाक्य रविवारच्या उपासनेतल्या साक्षीत किती शोभेल, हा विचार त्याच्या मनाला चाटून गेला.

निघताना त्याने तिला रविवारचे आमंत्रण दिले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दवाखान्याच्या आवारातल्या प्रार्थनागृहात उपासनेनंतर प्रीतिभोजन असे. घरच्यांना, होणाऱ्या सोयऱ्यांनाही आणा, तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही, असे त्याने आवर्जून सांगितले.

त्या रविवारी उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारले, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" म्हणजे उभे राहून, आठवडाभरात देवाने आपल्या हातून काय घडवले ते मंडळीला सांगायचे. बाकीचे लोक चाचरत चार शब्द बोलत. कल्याणच्या साक्षीला मात्र घाट असे. आरंभ, वचन आणि शेवट. गेले तीन महिने त्याच्यापाशी सांगण्याजोगे काही नव्हते आणि ते त्याला सलत होते. तो पहिल्या रांगेतून उठला आणि व्यासपीठाकडे तोंड करून बोलू लागला.

त्याने तिचे नाव घेतले नाही. गावही सांगितले नाही. ऊसतोडीला आलेली एक विधवा, एवढेच म्हणाला. पोटरीची जखम सांगितली, पाण्याला झालेला उशीर सांगितला, मुलाने भिरकावलेला कोयता सांगितला. मग थोडे थांबून, आवाज उतरवून, त्याने ते शेवटचे वाक्य उच्चारले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कल्याण खाली बसला तेव्हा त्याला देवाच्या फार जवळ असल्यासारखे वाटत होते.

आशीर्वाद झाला आणि जेवणासाठी सगळे मागे वळले. उशिरा येणाऱ्यांसाठी दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ, एक सतरंजी अंथरलेली असे. तिच्यावरून पुंजाराम उठत होता. त्याने टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि कोणाकडेही न पाहता तो दाराबाहेर पडला. मच्छिंद्रची मान खाली होती. आणि भागूबाई लुगड्याचा काठ ओढून ओढून पट्टीचा पाय झाकत होती.

पंगतीत तीन पत्रावळी तशाच राहिल्या.

घरी आल्यावर कल्याण बायकोशी, सत्यशीलाशी, वाद घालत बसला. भागूबाई खरोखरच येईल हे आपल्याला कसे कळावे? आपली तर तिकडे पाठ होती. शिवाय हेतू काय होता, तेही पाहायला नको का? सत्यशीला मेथी निवडत ऐकत होती.

"मी नाव घेतलं नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"नाव कशाला लागतं? तिच्या पायाला पट्टी होती ना. तुमच्याच हातची."

तो उठला आणि मेथीच्या काड्या बाहेर टाकून आला.

मंगळवारी टाके काढायचे होते. भागूबाई आली नाही. बुधवारी दुपारी कल्याणने चिमटा, कात्री आणि कापूस पिशवीत घातला आणि सायकलवरून तो टोळीच्या तळावर गेला. पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या, ओळीने उभ्या होत्या. पुंजाराम आपल्या कोपीसमोर बैलाला पाणी दाखवत होता. कल्याणला पाहताच त्याने पाठ फिरवली. त्याच्या शेजारच्या कोपीपुढे भागूबाई एकटीच उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधत होती. कुडात एकच कोयता खोचलेला होता.

"मच्छिंद्र कुठाय?"

"गेला सोमवारी. कुठं गेला, ठाव न्हाई. फोन लागत न्हाई त्येचा." तिने पोते अंथरले. "बसा."

सोयरिकीचे त्याने विचारले नाही. विचारण्याजोगे काही उरले नव्हते. वाटेत जुळवलेली सगळी वाक्ये त्याला सोडून गेली.

"माझं चुकलं, बाई."

भागूबाईने हातातली पेंढी बांधून बाजूला ठेवली.

"तुमी नाव न्हाई घेतलं. मी ऐकलं ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. "लई चांगलं सांगितलं तुमी. मला बी रडू आलं. म्हनलं, कोन असंल बिचारी. मग ध्यानात आलं, ही तर मीच हाय."

कल्याण तिच्या पायाशी बसला. पट्टी मातीने काळी झाली होती. ती त्याने पाणी घालून सोडवली. जखम मिळून आली होती. त्याने कात्री हातात घेतली आणि वर पाहिले, तर भागूबाई डोळे मिटून, हात जोडून बसली होती. दवाखान्यात त्यानेच तिला तसे बसायला शिकवले होते. ती वाट पाहत होती.

एकतीस वर्षे जे आपोआप ओठांवर येत असे त्यातले एक अक्षर त्याला आठवेना. किंवा आठवत होते, पण ते उच्चारण्याचा अधिकार आपल्याला आहे असे वाटेना.

थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"आज न्हाई का म्हनायचं?"

"तुम्हीच म्हणा," तो कसाबसा बोलला.

तिने पुन्हा डोळे मिटले. पलीकडे बैलाच्या गळ्यातले घुंगरू वाजले.

"देवा, माज्या पोराला काय करू नको," भागूबाई म्हणाली. आणि जरा थांबून, "आन ह्या दादाला बी."

कल्याणने पहिला टाका कापला. तिचा पाय अगदी स्थिर होता. मग उरलेले चार टाके त्याने एकेक करून काढले.