लंबकगुरू आणि पालथ्या चिठ्ठ्या

झेरॉक्सच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. भौतिकशास्त्राची परीक्षा वीस दिवसांवर आली होती आणि आईबाप पोरांना घेऊन लंबकगुरूंसमोर हात जोडून बसले होते. गुरूंच्या चिमटीत दोरा, दोऱ्याला पितळी मणी.

"प्रश्न वाचा, चारही पर्यायांवर मणी धरा. बरोबर उत्तर आलं की डोलेल! अभ्यासानं डोकं शिणतं, मणी कधी शिणत नाही. परीक्षेत मणी काढून घेतला, तर शर्टाचं बटण तोडा. शक्ती दोऱ्यात आहे!"

मी घड्याळं दुरुस्त करते. लंबकांशी माझा रोजचा संबंध. त्यातल्या एकालाही अजून भौतिकशास्त्र आलेलं नाही. पण माझी भाची टिकली गेल्या वर्षी याच विषयात नापास झालेली. पुस्तकं माळ्यावर टाकून ती मण्याच्या नादी लागली होती.

"आत्या, मी ढ आहे गं. मण्याला सगळं येतं," ती म्हणायची. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या दादालाही ते पटलेलं.

गुरूंनी तिलाच पुढे बोलावून दोरा तिच्या चिमटीत दिला. पाच प्रश्न, पाचही उत्तरं बरोबर! टाळ्यांचा कडकडाट.

मी उठले. "गुरुजी, आणखी एकदा. फक्त पर्याय चिठ्ठ्यांवर लिहू, पिसू आणि पालथे ठेवू. मण्याला काय, आरपार दिसत असेल."

"अवश्य!" गुरू बोलून बसले.

प्रश्न तेच, चिठ्ठ्या पालथ्या. मणी ऐटीत डोलला. चिठ्ठी उलटली: चूक. दुसरी, तीही चूक. पाचांत एक बरोबर आलं, ते आंधळ्यानं दगड मारावा तसं.

"झाकलं की शक्ती गुदमरते!" गुरू ओरडले.

"मग खिडकी उघडा की!" मागून एक आजोबा म्हणाले. हॉल खो खो हसला.

टिकली मात्र रडवेली झाली. "मी हलवत नव्हते, आत्या. शप्पथ!"

"मुद्दाम नाही गं. मन म्हणतं 'हेच', आणि बोटं नकळत केसाएवढी हलतात. पण तेवढ्यानं मणी एवढा कसा डोलतो, सांग."

"झोक्यासारखा," ती अडखळत म्हणाली. "धक्के छोटेच, पण त्याच्याच लयीत दिले की झोका वाढत जातो... अगं, हा तर अनुनाद! आठवा धडा!"

"मग ती पाच उत्तरं कुणाला येत होती?"

तिचा आ वासलेलाच राहिला. "मला?"

पुढच्या रांगेत बसलेला दादा घसा खाकरून उठला. "चल घरी. पुस्तकं खाली काढू, शिडी मी धरतो."

गुरू मागच्या जिन्यानं कधी सटकले, कुणाला कळलं नाही. टिकली पास झाली. पहिली वगैरे नाही, पण स्वतःच्या डोक्यानं.

मंडळी, चमत्काराला नमस्कार जरूर करा. आधी तेवढा तो एकदा तपासून बघा. खरा असेल तर त्याचं काय बिघडणार आहे? आणि खोटा असेल, तर तुमच्या पोरांची अक्कल तुम्ही दुसऱ्याच्या नावावर जमा करत होतात, एवढं तरी कळेल.